उंबऱ्याच्या आत मराठी

आमच्या घरात एक नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तो माझ्या आईनं घातला होता आणि तिच्या माघारीही कधी कुणी मोडला नाही. त्यामुळे माझी बायको घरात माझ्याशी कन्नड बोलायला लागली, तेव्हा खरं तर माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला हसू आलं. हुबळी-धारवाडात माणसं एका वाक्यात दोन भाषा कालवतात आणि आपण काय कालवलं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. अशा गावात सत्तरी उलटलेल्या बाईनं नवऱ्याला पाणी तापल्याचं कन्नडमध्ये सांगितलं तर त्यात काय एवढं? ती माझ्यापासून लांब जायला लागली होती आणि जाताना मला तसं रोज सांगत होती. मला ते ऐकू आलं नाही.

आईला कन्नडचा राग नव्हता. शेजारणींशी ती दुपारभर कन्नडमध्येच पापड लाटायची आणि भांडायचीही. आमची मुळं मिरजेकडची, पण मी जन्मलो हुबळीत, शिकलो कन्नडमध्ये, आणि पुढं लॅमिंग्टन रोडवरच्या एका हायस्कूलमध्ये आयुष्यभर विज्ञान शिकवलं तेही कन्नडमधूनच. आईचं म्हणणं एवढंच होतं, की घराला स्वतःची एक भाषा असावी. नाहीतर पोरांना आपलं घर कुठं संपतं ते कळत नाही. आम्ही भावंडं दारात चपला काढायचो आणि तोंडातली कन्नडही तिथंच ठेवायचो. विसरून एखादं वाक्य आत आलंच, तर आई ऐकूच आलं नाही असं दाखवायची. जेवायला वाढ म्हणून कन्नडमध्ये कितीही ओरडा, ताट येत नसे.

माझी बायको लग्न होऊन आली ती कृष्णाकाठच्या एका खेड्यातून. तिला कन्नडचा गंध नव्हता. ती शिकली दारावरच्या भाजीवालीकडून, शेजारच्या अक्कांकडून, दुकानदारांकडून. त्यामुळे तिची कन्नड ही परक्या माणसांची कन्नड होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'री' लावायचा, आवाज जरा खाली ठेवायचा, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा आणि मगच बोलायचं. रागवायची कन्नड तिला कधी आली नाही आणि लाडाची तर नाहीच नाही. माझ्यावर चिडायची ती अस्सल मिरजेकडच्या मराठीत. ते ऐकून शेजारी विचारायचे, सर, आज काय झालं?

निवृत्त झाल्यावर आम्ही नवनगरला राहायला आलो. धारवाड म्हणावं तर धारवाड नाही, हुबळी म्हणावं तर हुबळी नाही, मधल्यामध्ये. म्हातारपणाला हे बरं पडतं. पेढे एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे. सकाळी फिरायला जाणारी आमची एक टोळी आहे. पूर्वी ही माणसं एकमेकांना मुलांचे मार्क सांगायची, आता स्वतःची शुगर सांगतात. ज्याची कमी तो छाती काढून चालतो. कुणाच्या हृदयात स्टेंट बसवलेली, कुणाचं डायलिसिस जवळ आलेलं. एखादा दोन-तीन दिवस दिसला नाही, तर त्याचा फोन कुणी लावायचा यावरून आम्ही एकमेकांकडं बघत बसतो.

आमची मुलगी पुण्याला असते. दर वर्षी पाऊस ओसरला, की ती तिकडून आमच्या तपासण्यांचं पॅकेज ठरवते आणि फोनवर सांगते, 'अप्पा, उद्या सकाळी उपाशीपोटी जायचं, चहासुद्धा नाही.' मला तो दिवस नको वाटतो. विद्यानगरच्या त्या लॅबमध्ये ओळीनं खुर्च्या, त्यावर ओळीनं म्हातारे, प्रत्येकाच्या हातात कोपरापाशी कापसाचा बोळा. माझी शीर सापडत नाही. रक्त घेणारी मुलगी दंडाला पट्टा आवळते, टिचक्या मारते, सॉरी सर म्हणते आणि पुन्हा टोचते. लघवीची बाटली लपवत न्यावी, तर नेमका कुणीतरी जुना विद्यार्थी समोर येऊन वाकून नमस्कार करतो. मग ती बाटली धरायची कुठं आणि आशीर्वाद द्यायचा कुठल्या हातानं? बायको खुर्चीत बसून पदराआड हसत असायची. येताना ती डब्यात उप्पीट घेऊन यायची. रक्त देऊन झालं, की लॅबच्या पायरीवर बसवून ते मला खायला लावायची. हॉटेलच्या इडलीत सोडा असतो म्हणायची.

रिपोर्ट आले, की मी ते पेपर तपासावेत तसे तपासायचो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाई लावली. आता माझा पेपर कुणीतरी तपासतं आणि लाल शाईऐवजी ठळक अक्षरं वापरतं. माझ्या रिपोर्टात ठळक अक्षरं पानोपानी. शुगर, क्रिएटिनिन, प्रोस्टेट. तिचा रिपोर्ट मात्र कोरा करकरीत, सगळे आकडे आपापल्या मर्यादेत. घरात आजारी माणूस मी, हे ठरलेलं होतं. माझ्या गोळ्यांचा डबा ती भरायची, माझं पथ्य ती सांभाळायची, रात्री मी किती वेळा उठलो ते डॉक्टरांना ती सांगायची. सगळ्यांचं लक्ष माझ्यावर. माझंही.

तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीनंतर आम्ही दोघं नेहमीप्रमाणे रिपोर्ट घेऊन नवनगरच्या आमच्या डॉक्टरांकडं गेलो. माणूस चांगला आहे. मला सर म्हणतो, तिला अक्का म्हणतो, घाई करत नाही. त्यानं माझी ठळक अक्षरं वाचून दाखवली, मला दटावलं, आणि तिचा रिपोर्ट बघून म्हणाला, 'अक्का फर्स्ट क्लास.' मग म्हणाला, वय झालेल्या सगळ्यांना मी हल्ली थोडे प्रश्न विचारतो, स्मरणशक्तीचे. तुमच्यापासून सुरू करू या अक्का.

सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. महिना कुठला? तिनं बरोबर सांगितला. गाव कुठलं? बरोबर. त्यानं तीन शब्द सांगितले, फूल, बस आणि आंबा, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारले. फूल आणि आंबा आला, बस राहिली. मी म्हणालो, डॉक्टर, आमच्या नवनगरला बस कधीच वेळेवर येत नाही. तिघंही हसलो. मग त्यानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, 'इवरु यार्री?' हे कोण?

तिनं माझ्याकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग मान खाली घातली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि नुसती हसली.

डॉक्टर मोठ्यानं हसला. 'हळे काल्द मंदि,' म्हणाला. जुन्या काळची माणसं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची आईही घेत नसे, असं त्यानं सांगितलं. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. खरं सांगतो, मी लाजलो. या वयात, औषधाच्या वासाच्या त्या खोलीत, मला कानात ऊन ऊन वाटलं. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी तिनं माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. अहो म्हटलं, की मी. घरी येताना मी तिला चिडवलंसुद्धा, डॉक्टरांसमोर काय लाजतेस गं नवरीसारखी? ती रस्त्याच्या कडेला बघत चालत राहिली.

त्याच थंडीत तिची कन्नड घरात आली. सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ती न्हाणीच्या दारातून म्हणाली, 'नीरु कादाव्री.' पाणी तापलंय. मी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणालो, आई वरून ऐकतेय हं. ती गोंधळल्यासारखी हसली. मग ते अधूनमधून व्हायला लागलं. कधी 'च्या कुडीतीरेन्री?' चहा घेता का? कधी 'ऊट आतेन्री?' जेवण झालं का? मला गंमत वाटली. मीही कन्नडमध्ये उत्तर द्यायला लागलो, जसा काही आमचा नवा खेळच. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'अप्पा, आई आत्ता कुठं धारवाडची झाली.' शेजारच्या अक्कांना तर आनंद झाला. इतकी वर्षं आमच्यात राहून आता तुमच्या घरात आमची भाषा आली, म्हणाल्या आणि होळगी, म्हणजे पुरणपोळी, घेऊन आल्या. चूक एकट्या माझी नव्हती. या गावात राहणाऱ्या कुणाचीही तीच चूक झाली असती. पुण्या-मुंबईत म्हाताऱ्या बाईनं अचानक दुसरी भाषा बोलायला सुरुवात केली असती, तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. आमच्याकडं होळगी आली.

बाकीच्या गोष्टीही डोळ्यांसमोर होत्या. माझा चहा वर्षानुवर्षं स्टीलच्या फुलपात्रात यायचा. तो कपबशीत यायला लागला, कपाटातल्या सोनेरी काठाच्या कपबशीत, जी आम्ही पाहुण्यांसाठी ठेवतो. मला वाटलं, म्हातारपणी कौतुक चाललंय. मी खुर्चीत असलो, की ती बसेना, दाराशी उभी राहून बोले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग ती मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागली आणि आतून कडी घालायला लागली. रात्री मी तीन-तीनदा उठतो, दिवे लावतो, तिची झोपमोड होते, तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की आता बिनघोर उठता येतं. मुलांना मी नेहमी सांगायचो, निरीक्षण आधी, अनुमान नंतर. माझी निरीक्षणं सगळी बरोबर होती. अनुमान एकही बरोबर आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

उन्हाळ्यात एकदा मला जेवणानंतरची शुगर तपासायची होती. घरी जेवलो. तिनंच वाढलं, भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. मग बसनं विद्यानगरला गेलो, रक्त दिलं आणि परत आलो. ऊन मी म्हणत होतं. व्हरांड्याच्या जाळीला आतून कडी होती. मी जाळी वाजवली. ती दारात आली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि जाळीच्या आतूनच म्हणाली, 'नम्म मनियवरु होरग होग्यार्री. ईग बर्तार. कुंदर्री.'

आमचे मालक बाहेर गेलेत. आत्ता येतील. बसा.

मनियवरु म्हणजे शब्दशः घरचे. नवऱ्यासाठी बायका तोच शब्द वापरतात. मला वाटलं, खेळ रंगलाय. मी म्हणालो, 'हौद्री, कुंदर्तेन्री.' हो, बसतो. आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलो, आता जाळी उघडून हसत येईल म्हणून. व्हरांड्याचा तो भाग जाळीच्या बाहेर आहे. टपालवाला, गॅसवाला, वर्गणीवाले तिथंच बसतात. तिनं जाळीतून पाण्याचं भांडं पुढं केलं. मी ते घेताना तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यावर चेष्टा नव्हती. एकट्या बाईनं दारात आलेल्या परक्या पुरुषाशी वागावं तसा तो चेहरा होता, नीट, आदरानं आणि जरा सावध. तिनं मुख्य दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी बसून राहिलो. काय करावं ते सुचेना. दार वाजवावं तर ती घाबरेल असं वाटलं. माझ्याच घरात माझी बायको मला घाबरेल, हा विचार मनात आला. डॉक्टरांच्या खोलीतला तो प्रश्न मला तिथं बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आला. हे कोण? तिनं मान खाली घातली होती. आम्ही सगळे हसलो होतो आणि त्या गप्प राहण्याला पूर्ण मार्क दिले होते.

ऊन खुर्चीवर आलं तरी मी हललो नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं, जाळीही उघडली. ती बाहेर आली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, 'अहो, उन्हात काय बसलाय? डोकं फिरलं काय? जेवायला चला की.'

मी आत गेलो. तिनं पुन्हा ताट वाढलं, तीच भाकरी, तीच भाजी. मी दुसऱ्यांदा जेवलो. शुगरचं जे व्हायचं ते होवो म्हटलं. ती समोर बसून मला भाजी आग्रहानं वाढत होती आणि शेजारच्यांच्या नळाबद्दल काहीतरी सांगत होती.

मुलीला फोन केला तेव्हा ती हसली नाही. दोन दिवसांत आली. हुबळीतल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, स्कॅन झालं. त्यांनी काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं, मेंदूचा हा भाग आकसलाय. मी पोरांकडून वर्षानुवर्षं मेंदूची आकृती काढून घेतली, नावं दिली नाहीत तर गुण कापले, आणि त्या फिल्मवर मला काहीएक दिसलं नाही. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आता सगळ्यांना माहीत आहे. औषधानं वेग कमी होईल, मागं फिरणार नाही, म्हणाले. मी विचारलं, डॉक्टर, ती मराठी विसरायला लागली आहे का? त्यांनी तिच्याशी बराच वेळ कन्नडमध्ये बोलून पाहिलं, मुलीला तिच्याशी मराठीत बोलायला लावलं, आणि म्हणाले, नाही सर. भाषा दोन्ही चांगल्या आहेत अजून. अक्का माणसं विसरायला लागल्या आहेत. आधी जवळच्या माणसांची अलीकडची रूपं जातात. त्यांच्या मनातले तुम्ही कदाचित तरुण असाल, काळ्या केसांचे.

बसमध्ये परत येताना मला सगळा उलगडा झाला. तिनं आईचा नियम कधी मोडलाच नव्हता. घरच्या माणसाशी मराठी, बाहेरच्याशी कन्नड. ती तो आजही काटेकोर पाळत होती. ज्या दिवशी मी तिला घरचा वाटतो, त्या दिवशी मराठी. ज्या दिवशी कुणी पांढऱ्या केसांचा परका म्हातारा घरात फिरताना दिसतो, त्या दिवशी त्याला कपबशीतून चहा, अदबीची कन्नड, आणि रात्री दाराला कडी. ती नीटच वागत होती. उंबऱ्याबाहेर गेलो होतो तो मी.

मुलगी म्हणाली, चला दोघंही पुण्याला. इथं एकट्यानं काय कराल? तिचं बरोबर होतं. मी नाही म्हणालो. ती चिडली, रडली, अप्पा तुम्ही हट्टी आहात म्हणाली. हट्टी मी आहेच, पण कारण वेगळं होतं आणि ते मी तिला सांगू शकलो नाही. पुण्यात दारावर येणारा प्रत्येक माणूस मराठी बोलतो. तिथं हिची कन्नड आपसूक गळून पडेल आणि ती सगळ्यांशीच मराठी बोलायला लागेल, माझ्याशी, दूधवाल्याशी, लिफ्टमधल्या माणसाशी. मग आपण आज आत आहोत की बाहेर, हे मला कशावरून कळणार? इथं निदान सकाळी तिच्या पहिल्या शब्दावरून कळतं.

त्या पहिल्या शब्दाची मी वाट बघतो. जाग आली, की पडून राहतो. पलीकडच्या खोलीची कडी निघते, तिची पावलं वाजतात. ती दारात येते. 'उठलात काय?' असं ऐकू आलं, की त्या दिवशी मला चहा गोड लागतो, बिनसाखरेचा असला तरी. असे दिवस पहिल्या वर्षी पुष्कळ होते. मग आठवड्यातून एखादा. आता मी मोजत नाही.

मागच्या वर्षी एकदा मला वाटलं, उखाणा आठवत असेल. जुन्या गोष्टी राहतात, असं डॉक्टर म्हणाले होते ना. आमच्या लग्नात घेतलेला तिचा उखाणा मला पाठ होता. ती गॅलरीत लसूण सोलत बसली होती. मी हळूच म्हणालो, उखाणा घे की एकदा. तिचा चेहरा उजळला. लसूण ताटलीत ठेवला आणि नव्या नवरीच्या चालीत म्हणाली, 'कृष्णाकाठ सोडून आले लाल मातीच्या गावाला...' आणि थांबली. पुढं माझं नाव येतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, 'अवरु बंद म्याल हेळतेन्री.' ते आल्यावर सांगते. आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना.

स्वयंपाकाला आता एक बाई येतात, दिवसभर थांबतात. मी तपासणीला जातो तेव्हा त्या हिच्यापाशी बसतात. यंदाही गेलो. उप्पिटाचा डबा नव्हता. रक्त देऊन लॅबच्या पायरीवर जरा वेळ बसलो आणि तसाच उठलो. रिपोर्टात ठळक अक्षरं वाढली आहेत. किडनीचं काही खरं नाही, असं डॉक्टर आडून आडून म्हणाला. पूर्वी मी मरणाची थट्टा करायचो, फिरायच्या टोळीत तर फारच. आता मला मरायची भीती वाटते, अगदी उघड उघड वाटते. माझं काय व्हायचं ते होईल. पण आमचे मालक बाहेर गेलेत, आत्ता येतील, असं ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहील आणि येणारं कुणी नसेल. मी गेल्यावर ती रडणारसुद्धा नाही. ती वाट बघेल. ते मला सहन होत नाही. म्हणून मी गोळ्या वेळेवर घेतो, मीठ सोडलंय, भात सोडलाय. शाळेत कधी नव्हतो इतका शहाणा विद्यार्थी झालोय.

परवा संध्याकाळी बाई घरी गेल्या होत्या. मी देवापाशी दिवा लावला आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसलो. आठवडाभर तिच्या तोंडून मराठीचा शब्द नव्हता. ती सोफ्यावरून उठली, नीट उभी राहिली, म्हणाली, 'बर्री. यावूर्री निम्दु?' या. गाव कुठलं तुमचं?

'इल्लेरी,' मी म्हणालो. इथलंच.

ती माझ्याकडं बघत राहिली. ओळखीचं काहीतरी दिसत असावं तिला, नक्की काय ते कळत नसावं. पाहुण्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तिनं आतल्या खोलीकडं तोंड केलं आणि हाक मारली. तरण्या वयात स्वयंपाकघरातून मारायची तशी, जरा चिडकी, जरा हक्काची.

'अहो, ऐकलं काय? बाहेर कोण आलंय बघा की.'

आतून उत्तर आलं नाही. ती थांबली. पुन्हा म्हणाली, 'अहो.' ती माझ्याकडं वळून ओशाळं हसली, आणि तिच्या डोळ्यांत भीती यायला लागलेली मला दिसली.

मी उठलो. भिंतीला धरून तिच्या शेजारून आत गेलो. आतल्या खोलीत अंधार होता. पलंगाच्या कडेला उभं राहून मी घसा साफ केला.

'आलो गं,' मी म्हणालो.

बाहेर तिनं मोठा श्वास सोडला. मग मी ज्या खुर्चीतून उठून आलो होतो, त्या रिकाम्या खुर्चीला ती आदरानं, हळू आवाजात सांगत होती, 'बंद्रु नोड्री.'

आले बघा.